विहिरीवरून सरळ

आमच्या घराचं पोट पाण्यावर होतं आणि प्यायला पाणी मात्र टँकरचं. नेकनूरच्या बसथांब्यापासून तासभर चाललं की माळावर आमची वस्ती लागते. जमीन दीड एकर, तीही मुरमाड. तिच्यात बाजरी आली तर आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, लोकांच्या विहिरीत बुड्या मारायचे. कुणाची मोटार दोर तुटून तळाला गेली, पाइपाखालचा झडपेचा फुटवॉल गाळात रुतला, हंडा पडला, की त्या शेताचा माणूस सायकलवर यायचा आणि अण्णा निघायचे. कधी कधी आलेला माणूस नुसताच दारात बसून राहायचा. काय पडलंय ते पटकन सांगायचा नाही. मग माय काही न विचारता आत जाऊन एक जुनी चादर काढून ठेवायची. त्या दिवशी विहिरीत माणूस असायचा.

मी बारावीला होते तेव्हा, दिवाळीच्या तोंडावर, मांजरसुंब्याकडच्या एका खोल विहिरीतून अण्णा वर आले ते कान धरूनच. कानातून रक्त येत होतं. दुसरा कान आधीच वाहत असायचा. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदे गेले, आता पाण्यात उतरायचं नाव काढू नका. अण्णांना ते नीट ऐकूच आलं नाही. मायनं त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "बुडी बंद!" बाहेर बसलेले सगळे पेशंट आमच्याकडं बघायला लागले.

त्या हिवाळ्यात माय कापूस वेचायला जायची, आणि वेचणी संपल्यावर आमच्या घरातली डाळ पातळ होत होत हळदीच्या पाण्यावर आली. चुलते म्हणाले, पोरीचं शिकणं आता बास झालं. अण्णांना ते ऐकू आलं होतं का नाही, ते मला आजही माहीत नाही.

आणि मग एक जण मोटार पडली म्हणून आला. त्याला अण्णांच्या कानाचं ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मी उतरते.

"तू?" माय म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"मोटार निघाल्यावर म्हणू दे काय म्हणायचं ते."

पोहायला मला अण्णांनीच शिकवलेलं, पाठीला रिकामा डबा बांधून. पण तळाला मी कधी गेले नव्हते. मायनं त्यांच्या कानात सगळं ओरडून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "डावा हात भिंतीला. सोडायचा न्हाई."

विहिरीत बुडी मारायची आमच्या घरात एक रीत होती. आधी काठावर पाण्यातल्या साती आसरा देवींच्या नावानं हळद-कुंकू वाहायचं. कमरेला सोल बांधायचा, म्हणजे जाडजूड दोर, आणि त्याचं दुसरं टोक वर मायच्या हातात. एक हिसका म्हणजे दोर सोड, दोन हिसके म्हणजे ओढ. तळाला गेलं की डावा हात भिंतीच्या दगडाला लावायचा, उजव्या हातानं चाचपायचं आणि भिंतीकडेनं फेरी घालत राहायचं. फेरी कायम प्रदक्षिणेच्या बाजूनं. विहिरीला उलटी फेरी घालत नसतात, असं अण्णांच्या आज्यापासून चालत आलेलं. तळाला काही दिसत नाही. डोळे उघडे काय, मिटलेले काय, सारखंच. पण डाव्या हाताखाली दगड असला की आपण कुठं आहोत ते कळतं आणि जीव जागेवर राहतो.

ती मोटार मी चौथ्या बुडीत बांधली. नंतर आणखी बोलावणी आली. हातपंपावर एक बाई मायला म्हणाली, "पोरगी हाय का बेडूक हाय गं?"

माय म्हणाली, "बेडूकच हाय. पर बारावी पास हाय."

असं करत बीडच्या कॉलेजात मी बी.एस्सी. केलं. सकाळी विहीर असली की नेकनूरहून साडेनऊची एसटी धरायची आणि ओल्या वेणीनं पहिला तास गाठायचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्या आधी कुणी नाही. हे मी उगाच फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं तर फुशारकीच आहे, असू दे.

पदवीनंतर दीड वर्षानं जिल्ह्याच्या शोध-बचाव पथकासाठी भरती निघाली. पोहण्याच्या चाचणीतून आम्ही अकरा जण निवडले गेलो, त्यात बाई मी एकटी. शिकवायला कोकणातले एक सर आले होते. आयुष्य समुद्रात गेलेलं, रंग काळा, केस पांढरे, आणि रागावले किंवा खूश झाले की थेट मालवणीवर येणारे. शिकवणी आमच्याच जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पाण्यात. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की शेवटी एक परीक्षा आहे आणि तिला तीनच संधी. जो पास होईल तो डायव्हर. बाकीचे घरी.

टाकी पाठीवर घेऊन पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला तो क्षण मला सांगता येणार नाही. येईल तसं सांगते. विहिरीत माझं सगळं जगणं एका दमाचं होतं. छाती जळायला लागली की काम अर्धं टाकून वर यायचं. इथं मी तळाला गुडघे टेकून बसले होते आणि श्वास येत होता. सोडला की बुडबुडे वर जात होते, परत घेतला की परत येत होता. वर सूर्य ताटाएवढा, हिरवा, हलत असलेला. मी तिथं बसून राहिले. वर चला म्हणून सरांनी दोनदा खूण केली तरी हलले नाही.

त्याच दिवशी त्यांनी कानाचं शिकवलं. खाली जाताना कान दुखायच्या आत नाक चिमटीत धरायचं आणि हळूच फुंकायचं. कान मोकळे होतात. बस, एवढंच. मी करून पाहिलं. दोन्ही कानांत टक् असा आवाज झाला आणि दुखणं गेलं. मी पाण्याखाली मास्कच्या आत रडले. एवढीशी गोष्ट. एवढी एक गोष्ट कुणी अण्णांना सांगितली असती!

मग वाट शोधण्याचा धडा सुरू झाला. तोपर्यंत मला वाटायचं, पाण्याखाली वाट ही काय शोधायची गोष्ट आहे? विहिरीत वाट एकच, वर. पण धरणाला भिंत एका टोकाला, आणि बाकी सगळं मोकळं. हिवाळ्यातसुद्धा चार-पाच हातांपलीकडं पिवळसर धुकं. वर येऊन बघावं तर कुठल्या कुठं निघालेलो, आणि सारखं वर येऊन बघायची सोय नाही. सरांनी सांगितलं की पाण्याखालचा माणूस तीन गोष्टींवर चालतो. पहिली, हातातल्या पाटीवर बसवलेलं होकायंत्र. दुसरी, पायाचे ठोके. किती ठोक्यांत किती अंतर कापतो ते प्रत्येकानं आपापलं मोजून ठेवायचं. आणि तिसरी, तळ. तळाला उतार कुठं आहे, उजेड कुठल्या अंगानं येतो, गाळावर लाटांच्या रेघा कशा पडल्यात, हे वाचायचं. बुडबुडे जातात ती वरची दिशा, घाबरलेल्या माणसाला तीसुद्धा उमगत नाही म्हणाले.

पहिले दोन दिवस हे सगळं जमिनीवर. डोक्यावर पोत्याची खोळ, डोळ्यांपुढं फक्त होकायंत्र, आणि धरणाच्या कडेच्या माळावर मोजून पावलं टाकायची. अकरा माणसं खोळी घेऊन कडक उन्हात चौकोनात फिरतायत! एक मेंढपाळ बाबा मेंढरं थांबवून बघत उभे राहिले.

"काय हरवलंय रं?" त्यांनी विचारलं.

"वाट," माझा जोडीदार खोळीतूनच म्हणाला.

"मग त्वांडावरचं पोतं काढा की!"

हा जोडीदार परळीचा, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राजवळचा. पाण्याखाली कुणी एकटं जात नाही, दोघं दोघं जातात, आणि सरांनी त्याची माझी जोडी लावली होती. सदा हसणारा. गढूळ पाण्याला आम्ही सगळे घाबरलो तेव्हा तो म्हणाला, "मी राखेत वाढलोय. आमच्याकडं वारं सुटलं की समोरचं माणूस दिसत न्हाई. ह्याचं काय कौतिक?"

परीक्षा अशी होती: पाण्यावर तरंगणाऱ्या एका लाल पिंपापाशी बुडायचं. चाळीस ठोके उत्तरेला, उजवीकडं वळून चाळीस पूर्वेला, परत उजवीकडं वळून दक्षिणेला, मग पश्चिमेला. चौकोन पुरा झाला की पिंपाचा दोर हाताला लागला पाहिजे. जोडीदार सोबत असतो, पण तो वाट दाखवत नाही. आमच्या मागं दोरीला बांधलेला एक फुगा पाण्यावर ओढला जायचा, म्हणजे सरांना नावेतून आमचा रस्ता दिसायचा.

पहिल्या खेपेला मी वर आले तेव्हा पिंप कुठंच नव्हतं. मागं वळले तर ते लांबवर, टिकलीएवढं. नाव जवळ आली.

"खंय चल्लंस गो?" सर ओरडले. "परळीक? कोळसो आणूक?"

जोडीदार पाण्यातच हसायला लागला. "सर, आमच्या घरी जेवायलाच नेत व्हती मला."

मी म्हटलं, "सर, काटा बिघडलाय. मी सरळ जात होते, काटाच फिरत होता."

सरांनी पाटी हातात घेतली, इकडंतिकडं फिरवून बघितली आणि परत दिली. "काटो फिरना नाय गो. तू फिरतंस."

दुसऱ्या खेपेला मी अजून जीव लावून केलं. ठोके मोजले, वळणं बरोबर घेतली, तरी पिंप लांबच राहिलं. सरांनी त्यांच्या वहीत फुग्याचा रस्ता काढून ठेवला होता. चौकोन नव्हताच तो. चारही बाजू उजवीकडं वाकलेल्या, जिलबीसारख्या. "तुला कुणीतरी उजवीकडे ओढतंय," सर या वेळी शांतपणे म्हणाले. "कोण ओढतंय ते तू शोध. रविवारी घरी जा. सोमवारी शेवटची संधी." तोपर्यंत सहा जण पास झाले होते. जोडीदारसुद्धा, पहिल्याच फटक्यात.

रविवारी घरी गेले. मी मायला सगळं सांगितलं. तिला पटेना, तेव्हा अंगणात नेऊन करून दाखवलं. डोक्यावर पोतं घेतलं, डोळे मिटले आणि सरळ चालायला लागले. सरळच चालत होते. मग पायाला खुंटा लागला आणि शेळी ओरडली. खुंटा तर अंगणाच्या उजव्या कोपऱ्यात.

माय हसली. हसता हसता थांबली.

"तुजा बाप बी असाच," ती म्हणाली.

"असाच म्हणजे?"

तिनं वळचणीला टांगलेला जुना सोल काढला. बरेच दिवस तो तसाच पडून होता. त्याचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्यो खाली फेरे घालायचा, आन् वर ह्या सोलाला पीळ बसायचा. हरेक बुडीला. कवाबी बघ, एकाच अंगाचा पीळ. त्यो वर येऊन बिडी पीत बसायचा, आन् मी उलट्या अंगानं उकलीत बसायची. न्हाईतर पुढच्या बुडीला सोल गुतायचा."

मी ते टोक बोटांत फिरवून बघितलं.

"चार पीळ म्हंजे चार फेरे," ती म्हणाली. "काय गावलं न्हाई की धा-बारा. त्यानं सांगायच्या आत मला ठावं असायचं खाली काय चाललंय. तुज्याबी सोलाला तसाच पीळ. पर तुजा जास्ती. तू भिऊन लई फेरे घालायचीस."

"माय, तू कधी बोलली नाहीस हे."

"कुनी इचारलं कवा?"

इतकी वर्षं आम्ही बापलेक तळाला होतो आणि वाटायचं, इथं आपल्याला कुणी बघत नाही. आणि ही बाई काठावर उभी राहून, हातातल्या दोरावर, आमचं एक एक पाऊल वाचत होती. शाळेचं तोंड न पाहिलेली. मी बी.एस्सी. झाले होते आणि माझ्या अंगाला बसलेला पीळ मला ठाऊक नव्हता.

अण्णा ओट्यावरून ओरडले, "काय झालंय?"

"पोरगी उजवीकडं जाती!" मायनं ओरडून सांगितलं.

"जाऊ दी की! चांगली बाजू हाय!"

माय सोलाची वेटोळी घालत म्हणाली, "आता तितं सोल न्हाई, मी न्हाई. तुजा पीळ कोन उकलनार?"

सोमवारी सकाळी नावेत बसल्यावर मी एवढंच ठरवलं होतं की डाव्या हाताला काहीतरी धरायला द्यायचं. रिकामा राहिला की त्याला तिथं विहिरीची भिंत आहे असंच वाटतं आणि त्या नसलेल्या भिंतीकडेनं अंग उजवीकडं वळत जातं. म्हणून दोन्ही हातांनी पाटी धरली, कोपरं ताठ केली आणि ठरवलं की अंग काहीही म्हणो, काट्याचं ऐकायचं. बुडी मारली.

उत्तरेला चाळीस ठोके. अंगाला सारखं वाटत होतं की आपण डावीकडं, डावीकडं वाहवत चाललोय. काटा म्हणत होता, सरळ आहेस. खाली एक ओबडधोबड दगडांची रांग दिसली आणि मागं गेली. बांध होता तो. कुणाच्या तरी शेताचा बांध, दगड तसेच्या तसे रचलेले. पूर्वेला वळले. दुसरा बांध, बाभळीचं काळं खोड, त्याच्या फांदीत मासे. मी बुडालेल्या गावाच्या शिवारावरून जात होते, जिथं नांगर चालले त्या रानावरून, माणसाच्या उंचीएवढ्या वरून, घारीसारखी. भीती कुठं गेली कळलं नाही. मोजणी मात्र सोडली नाही.

दक्षिणेला वळले. सतराव्या ठोक्याला पाणी एकदम गार झालं आणि समोरच्या धुक्यातून काळा दगड वर आला. घडीव दगड, एकाला एक लागून, गोल होत गेलेले. मला कळायच्या आत डावा हात पाटी सोडून त्याच्यावर गेला होता.

विहीर. पाण्याच्या तळाला विहीर.

मी तिथं थांबले. माझ्या बोटांना दगडात एक खाच लागली, गुळगुळीत, अंगठ्याएवढी खोल. शेजारी दुसरी, तिसरी. दोर ओढून ओढून पडलेल्या खाचा होत्या त्या. कितीक बायका इथं उभ्या राहून वाकल्या असतील, आणि आता त्यांच्या उभं राहायच्या जागी मी पाण्यात तरंगत होते. खाली विहिरीचं तोंड, नुसता काळोख. वर उजेड, तोही लांब. मी कुठल्या जगात आहे तेच क्षणभर कळेना.

हात दगड सोडायला तयार नव्हता. हा काठ धरून फेरी घातली की पलीकडं जाता येतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पाटी मात्र विहिरीच्या तोंडावरून आडवी, पलीकडं बोट दाखवत होती. आमच्या घरात विहिरीच्या कडेनं फिरायची रीत. मधून सरळ कुणी गेलं नव्हतं. जायची वेळच आली नव्हती.

जोडीदारानं माझ्या खांद्याला हात लावून खूण केली, ठीक आहेस ना? मी खूण केली, ठीक. मनातल्या मनात आसरांना हात जोडले, डावा हात परत पाटीवर ठेवला आणि अठरावा ठोका मारला.

काठ मागं गेला. खाली काही नाही, बाजूला काही नाही. एकोणीस. वीस. एकवीस. छातीचे ठोके आणि पायाचे ठोके वेगळे मोजावे लागत होते. मग गार पाणी संपलं आणि पलीकडच्या काठाचे दगड पोटाखालून सरकत गेले, अगदी समोरासमोरचे. मी विहिरीवरून सरळ आले होते.

चाळीसला वळले. पश्चिमेला जाताना बुडबुड्यांच्या आवाजाखेरीज काही ऐकलं नाही. छत्तीस, सदतीस, आणि पाटीच्या कडेला काहीतरी खरखरीत घासलं. पिंपाचा दोर. मी तो दोन्ही हातांनी धरला, घाई न करता, श्वास सोडत सोडत वर आले.

सर नावेच्या काठावर वाकले होते. त्यांनी एकच विचारलं. "विहीर गावली?"

"गावली."

"चौकोन सरळ गेलो तरच ती गावता. म्हणून आधी सांगूक नाय. मग? काय केलंस?"

"वरून गेले. सरळ."

"सर, आधी थांबून हात लावला तिनं," जोडीदार मास्क काढत म्हणाला. "मला वाटलं, आता हळद-कुंकू काढती का काय!"

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि नावेतून हात पुढं केला. तो धरून मी वर चढले.

काठावर आल्यावर घरी फोन लावला. माय म्हणाली, "पीळ बसला का?" मी म्हटलं, न्हाई. मग तिनं अण्णांना ओरडून सांगितलेलं मला फोनमध्ये ऐकू आलं. त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही.

त्या परीक्षेत मी पास झाले. आज मी आमच्या जिल्ह्याच्या शोध-बचाव पथकात डायव्हर आहे, नोकरीत कायम झाले आहे, आणि नव्या मुलांना पाण्याखाली सरळ जायला मी शिकवते.